दोन आट्यांवर

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर १९६९

दानव्वा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायचा विचार असेल तर त्याआधी एवढी ओळ वाच. तुझ्या नवऱ्याच्या उजव्या डोळ्याखाली जे काळे ठिपके आहेत, ते कशाचे आहेत हे मला माहीत आहे.

आता बस आणि पुढचं वाच. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढून आत बसलो होतो, त्यावर आज मला काही बोलायचं नाही. हे पत्र बंदुकीबद्दल आहे.

परवा दुपारी एक तरणाबांड गडी उद्यमनगरात आपलं दुकान विचारत आला. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. म्हणाला, "पावणं, ठासणीची बंदूक हाय. घोडा अडकतोय. दसऱ्याच्या आत पायजे." मी लायसन मागितलं. त्यावर तुझ्या सासऱ्याचं, हंबीररावांचं नाव, गाव मलकापूरच्या पुढचं. मी मान वर केली नाही. त्यानंही मी अमक्याचा मुलगा, तमक्याचा जावई असं काही सांगितलं नाही. सासरा आणि जावई समोरासमोर बसून चहा प्यालो आणि दोघंही एकमेकांना पावणं म्हणत राहिलो. तू पाठवलंस की तो आपणहून आला, देव जाणे. बशीत सांडलेला चहा त्यानं टाकला नाही, एवढं मला बरं वाटलं.

ठिपके मी तेव्हाच पाहिले. विचारलं तर म्हणाला, "गेल्या दसऱ्याला जरा चटका बसला. हळदीनं जात्यात म्हनं." ते हळदीनं जायचे नाहीत. ती जळकी दारू आहे, कातडीत गोंदल्यासारखी बसली आहे. आणि दारू बंदुकीच्या तोंडातून उडाली तर पुढं जाते, डोळ्याखाली येत नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुझ्या घरी आणखी कुणी हे वाचलं तर त्यालाही कळू दे म्हणून लिहितो. ठासणीच्या बंदुकीत दारू तोंडातून ठासतात. नळीचं मागचं टोक बंद असतं ते एका बुचानं. त्या बुचाला स्क्रूसारखे आटे असतात आणि ते नळीत आवळून बसवलेलं असतं. बार निघताना जेवढा जोर पुढं जातो तेवढाच त्या बुचावर येतो, आणि बुचाच्या मागं बंदूक धरणाऱ्याचा गाल असतो.

घोड्याचं काम किरकोळ होतं. पण बुचाच्या कडेनं काजळीची एक रेघ दिसली. पाना लावला. असलं बूच काढायला सात-आठ फेरे लागावेत. हे दोन फेऱ्यांत हातात आलं. बूच नवं, चकचकीत, कुणीतरी बाजारातला मिलिमीटरचा बोल्ट कापून बसवलेला. सरकारनं इंच मोडीत काढल्यापासून दुकानदाराच्या डब्यात दोन्ही जातींचे बोल्ट एकत्र नांदतात, आणि घेणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मी नळीच्या आतल्या आट्यांना माप घ्यायचा पानापानांचा गेज लावून पाहिला. इंचाचं एक पान बसेना, मिलिमीटरचंही बसेना. मग गंधक वितळवून नळीत ओतला आणि आतल्या आट्यांचा ठसा काढला. दुकानात असा वास सुटला की तुझी अव्वा नाकाला पदर लावून म्हणाली, "कुणाची होळी करायलाईसा?"

ठसा पाहिला आणि समजलं. पूर्वी बंदूक करणारा लोहार आपले आटे आपल्याच पट्टीनं पाडायचा. तो मेला की ते माप त्याच्याबरोबर गेलं. तसलं बूच बाजारात मिळत नाही, करावं लागतं. मी करतो. तोवर तू एवढंच कर, ती बंदूक सध्या माझ्याकडे आहे ती माझ्याकडेच राहू दे.

अप्पा

कोल्हापूर,
३ ऑक्टोबर

दानव्वा,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही धरली नव्हती, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पोस्टमन रोज दुकानावरून जातो.

बूच झालं. लेथचे गियर बदलून बदलून मला पार घाम फुटला. पहिली तीन भंगारात गेली. चौथं त्या गंधकाच्या ठशाशेजारी धरलं तेव्हा आट्यात आटा असा बसला की मी अव्वाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या घरचं हाय म्हनून एवढं करालाईसा, मग तोंडानं सांगायला काय जातंय?" मी तिला चहा करायला पाठवलं.

काल हंबीरराव स्वतः आले, मागं तुझा आकाराम. मी दोन्ही बुचं बाकावर ठेवली आणि सांगितलं, जुनं दोनच आट्यांवर उभं आहे, नवं बसवतो. हंबीररावांनी जुनं उचलून नळीत फिरवलं. दोन फेऱ्यांत ते करकचून बसलं. मग नवं फिरवलं. ते लोण्यात फिरावं तसं आत गेलं.

"ह्ये तर सैल हाय की," ते म्हणाले. "ल्हान पोरगं बी फिरवंल. घट्ट म्हंत्यात ते ह्येला." आणि जुनं बूच माझ्या नाकासमोर धरलं.

मी सांगत होतो की माप चुकलेलं बूच आट्यात आटा अडकल्यामुळं सुरुवातीलाच घट्ट होतं, खरं बूच शेवटपर्यंत सरळ जातं आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला आवळतं. ते ऐकत नव्हते. मी म्हटलं, निदान झाडाला बंदूक बांधा, चापाला लांब दोरी लावा आणि लांबून एकदा ओढून बघा. कारागीर तसंच करतात. ते बाकावरून उठले. "खंडेनवमीला पुजतो त्ये हत्यार. चोरागत झाडाला बांधू व्हय? आमच्या घरात दसऱ्याला शिवंवर पयला बार पावण्याचा आसतोय, पावणा आला तर. न्हाय आला तर घरातल्या कर्त्याचा. औंदा आकाराम काढनार, आनि दारू दुप्पट भरनार. घरात पाळणा हालनार हाय."

दानव्वा, तुला दिवस गेले आहेत हे मला असं कळलं. परक्या माणसाकडून, दुकानात, बंदुकीच्या दारूच्या हिशेबात.

मग ते म्हणाले, "लेक दिली न्हाईसा. बूच दिलंसा, त्ये बी सैल."

आणि मी बोललो. मी म्हणालो, "दुप्पट दारू भरा, म्हणजे दसऱ्याला तुमच्या घरात सुतकच येईल." नवरात्र तोंडावर असताना, आकारामच्या तोंडासमोर. शब्द बाहेर पडला आणि मला कळलं की आता मी कितीही आटे मोजून दाखवले तरी ते माप ठरणार नाही, शाप ठरेल. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे.

बंदूक ते घेऊन गेले, जुन्या बुचासकट. नवं बाकावर पडलं आहे. आकाराम जाताना वळून पाहत होता. त्याला तू समजाव. तो तुझं ऐकेल, मी ऐकलं नाही म्हणून काय झालं.

अप्पा

कोल्हापूर,
१४ ऑक्टोबर

दानव्वा,

तुझं कार्ड मिळालं. अव्वानं ते देवापुढं ठेवलं, मग वाचून दाखव म्हणाली. मी तिला सगळं वाचून दाखवलं नाही.

तू लिहितेस, "माझ्या सासऱ्यांच्या तोंडावर सुतक बोललात. सासूबाईंनी माझ्यावरून नारळ उतरवून टाकला. मी बाहेर कुठं जायचं नाही, पोट झाकून बसायचं. बुचाचं नाव काढलं तर म्हणतात, बापानं लेकीच्या तोंडातून बोलायला सुरुवात केली. अप्पा, आता गप्प बसा. मला इथं राहायचं आहे."

खरं आहे. तुला तिथं राहायचं आहे. पण त्यालाही राहू दे ना.

पोलिसांत जाऊन सांगायचं माझ्या मनात आलं होतं. लायसन आहे, पण बंदूक धोक्याची आहे म्हटलं तर ते जप्त करतील. चौकीच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. तुझ्या सासऱ्याच्या दारात तुझ्या बापानं पोलीस धाडले, हे घेऊन तुला त्या घरात एक दिवसही काढता येणार नाही. एवढी अक्कल मला उशिरा का होईना आली आहे.

म्हणून तुला एक गोष्ट विचारतो. नळीचं मागचं टोक आणि बुचाची कड एका पातळीत आहे ना? तुझं नख त्यावरून फिरव. आज ते कुठं अडकणार नाही. एक बार निघाला की बूच केसभर मागं सरकेल आणि नख अडकेल. गेल्या वर्षी सरकलं होतं, कुणीतरी ठोकून परत आत बसवलं आहे, हातोडीची खूण मी पाहिली. दर बाराला त्या दोन आट्यांतला लोखंडाचा थोडा थोडा भाग झिजतो. कधी सुटेल ते सांगता येत नाही. यंदा दुप्पट दारू आहे म्हटल्यावर मला झोप लागत नाही.

हे तू कुणाला सांगू नकोस. तू फक्त नख फिरव.

अप्पा

कोल्हापूर,
खंडेनवमी

दानव्वा,

आज दुकान बंद. लेथ धुतला, झेंडू घातला, पाने, कानसी, गेज सगळं पाटावर मांडून पूजा केली. उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा आपल्या घरचाही नेम आहे. नवं बूच मी पूजेत ठेवलं नाही. ते माझ्या खिशात आहे.

हंबीरराव माझ्यापुढं एक गोष्ट बोलून गेले होते. पहिला बार पाहुण्याचा. व्याह्यापेक्षा मोठा पाहुणा कोण? आजपर्यंत मी व्याही झालो नव्हतो. उद्या होतो. सकाळच्या एस. टी. नं निघतो, शिवेवर सोनं लुटायच्या आधी पोचेन. सगळ्या गावासमोर सांगेन की मी दानव्वाचा बाप, बार काढायचा मान माझा. त्यांना नाही म्हणता येणार नाही. स्वतःच्या तोंडानं बोललेला माणूस आहे.

अव्वाला मी सांगितलं आहे की तुला भेटायला जातो. ती डोळे पुसत चकल्या बांधते आहे.

तू घाबरू नकोस. मी खांद्याला बंदूक लावणार नाही. हात लांबवून, अंगाच्या बाजूला धरीन. बूच सुटलं तर सरळ मागं जाईल, मला काही होणार नाही. फक्त माझ्या मागं कुणी उभं असता कामा नये. तू शिवेवर येणार नाहीस हे बरंच आहे. आकारामला सांग, माझ्या मागं थांबू नको. बाकी काही सांगू नकोस, एवढंच सांग.

आणि बूच सुटलं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सुटेल. मग मला कुणाला काही समजावायला लागणार नाही. देवा, उद्या ते सुटू दे, असं मी आज हात जोडून म्हणालो. बाप लेकीच्या घरासाठी असलं काही मागतो का? मी मागितलं.

अप्पा

कोल्हापूर,
२३ ऑक्टोबर

दानव्वा,

शिवेवर काय झालं ते तुला सगळ्यांनी आपापल्या परीनं सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐक.

हंबीररावांनी मला पाहिलं आणि हलगी थांबवली. मी म्हणायचं ते म्हणालो. ते म्हणाले, "आलासा ते बेस झालं. बोललो ते बोललो. पयला बार पावण्याचा." त्यांनी स्वतःच्या हातानं दारू ठासली, दुप्पट. बंदूक माझ्या हातात दिली. मला तो माणूस त्या वेळी आवडला, हे मी लपवत नाही.

मी मागच्या लोकांना बाजूला व्हायला सांगितलं. ते हसले. "पावणं भ्याल्यात," कुणीतरी म्हणालं. आकारामनं मात्र सगळ्यांना हातानं मागं सारलं. तू सांगितलं होतंस, मला कळलं.

चाप ओढला. बार निघाला. डोंगरातून आवाज फिरून आला. बूच जागेवरच.

लोकांनी आरोळी ठोकली, हलगी सुरू झाली. हंबीरराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, घट्ट हाय का न्हाय?" मीही हसलो असतो, दानव्वा. व्याह्याला व्याही भेटला होता, जावई समोर होता, रात्री तुझ्या हातचं जेवून परत आलो असतो. पण माझा अंगठा सवयीनं बुचाकडे गेला. नख अडकलं. केसभर नाही, चांगलं गव्हाच्या दाण्याएवढं बूच मागं आलं होतं.

"आता पोराला द्या," हंबीरराव म्हणाले. दारूचं शिंग त्यांच्या हातात तयार होतं. मी म्हणालो, थांबा, हे बघा. हलगीत कुणाला ऐकू येत नव्हतं. बघायला कुणाला वेळ नव्हता. आकारामनं हात पुढं केला. मी नाही म्हणालो. त्यानं बंदुकीला हात घातला.

मग मी नळी दोन्ही हातांनी धरली आणि लाकडी दस्ता शिवेच्या दगडावर आपटला.

शेंदूर लावलेला दगड, आदल्या दिवशी पुजलेलं हत्यार, दसऱ्याचा दिवस. मला माहीत होतं मी काय करतोय. पहिल्या फटक्यात दस्ता चिरला, दुसऱ्यात तुटला. त्यानंतर कुणी कुणी मला मारलं ते मी पाहिलं नाही. हंबीररावांनी मारलं नाही. ते नळी उचलून पटक्यात गुंडाळत होते आणि रडत होते. आकारामनं मला गर्दीतून ओढून काढलं आणि मलकापूरच्या ट्रकमध्ये बसवलं. मग परत जाऊन माझी टोपी शोधून आणून दिली.

बूच सुटलं असतं तर मी खरा ठरलो असतो. सुटलं नाही म्हणून मी हत्यार मोडणारा ठरलो. आकारामचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, हाच माझा पुरावा, आणि तो कुणाला दाखवता येत नाही.

चकल्यांचा डबा शिवेवरच राहिला. अव्वाला मी सांगितलं की तू खाल्ल्यास.

अप्पा

कोल्हापूर,
१२ मार्च १९७०

दानव्वा,

तुझं कार्ड काल आलं. चार महिने नुसता पोस्टमन पाहिल्यावर. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. "मुलगा झाला. दोघंही बरे आहोत. बंदुकीला नवा दस्ता होतोय, दसऱ्याला बाळाच्या नावानं बार काढणार आहेत. नळी सध्या आमच्या खोलीत माळ्यावर आहे. मी नखानं पाहिलं. ते बूच पाठवा."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझ्यामुळं झालं नाही. याचं वाईट वाटतं असं लिहिणं फार थोडं आहे, पण लिहितो.

अव्वा उद्या बाळाला पाहायला येते आहे. तिला येऊ देतील, बाईमाणसाला बाळंतिणीच्या खोलीत कोण अडवणार? तिच्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा आहे. तळाला फडक्यात बूच आहे आणि एक छोटा पाना. हे पत्र तिच्या चोळीत आहे, वाचून झालं की जाळ.

आता नीट ऐक. दस्ता बसायच्या आधीच हे काम व्हायला हवं. जुनं बूच दोन फेऱ्यांत निघेल, कदाचित नुसत्या बोटांनीही. आतले आटे जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पूस, खोबरेल लाव. मग नवं फिरव. ते हातात सैल वाटेल. तुला सासरा म्हणाला तेच खरं वाटेल. थांबू नकोस. फिरवत जा. शेवटचा अर्धा फेरा पान्यानं दे, तिथं ते आवळेल. नख फिरवून बघ. मागची बाजू मी जुन्यासारखीच घासून चकचकीत केली आहे, हातोडीची खूणसुद्धा तशीच उठवली आहे. हंबीररावांना फरक दिसणार नाही. जुनं बूच अव्वाजवळ परत दे. विहिरीत टाकू नकोस, कुणाला तरी सापडेल आणि तो ते कशात तरी बसवेल.

आकारामला सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यानं माझी टोपी आणून दिली होती.

दसऱ्याला बार नीट निघेल. दारू दुप्पट भरली तरी. तेव्हा हंबीरराव मिशीवर हात फिरवून सगळ्या गावाला सांगतील, "बघा, बूच घट्ट हाय का न्हाय? आनि त्यो कोल्हापूरचा खुळा म्हनत हुता सुतक येईल." सगळे मला हसतील. दरवर्षी हसतील, तुझा मुलगा मोठा होईल तोही त्यांच्यात उभा राहून हसेल.

तूही हस, दानव्वा. तू एकटी गप्प राहिलीस तर त्यांना संशय येईल.

अप्पा